मँडरिन दिवसभर टिपत असतो, तरी खंगतो का?

प्रश्न थोडक्यात असा: २५० लिटरची समुद्री टाकी, सुरू होऊन चार महिने झालेली. क्षारता, तापमान, अमोनिया, नायट्रेट सगळं जागेवर. मँडरिन हा छोटा, रंगीत समुद्री मासा आणून सहा आठवडे झाले. तो दिवसभर खडकांवर काहीतरी टिपत फिरतो, पण पोट आत गेलं आहे. बाकीचे मासे गोठवलेल्या मायसिसवर (कोळंबीसारख्या बारीक जिवांवर) तुटून पडतात, हा ढुंकूनही बघत नाही. काही रोग आहे का, तांब्याचं औषध द्यावं का, आणि एकटा आहे म्हणून खात नसेल तर जोडीदार आणावा का?

तांब्याचं औषध अजिबात देऊ नका. ही जी लक्षणं आहेत ती उपासमारीची आहेत. टाकीत आणलेल्या मँडरिनपैकी जे मरतात, त्यातले बहुतेक असेच मरतात: पाणी उत्तम, अंगावर एकही डाग नाही, रंग झळझळीत, आणि मासा आतून संपत चाललेला. जोडीदारही सध्या नको. जे थोडं खाणं टाकीत आहे त्याचे दोन वाटेकरी होतील, एवढंच त्यातून साधेल.

आता मासा नीट बघा. समोरून किंवा बाजूने बघून पुरत नाही, वरून बघा. निरोगी मँडरिन वरून बघितला की छातीच्या पंखांमागे अंग भरलेलं दिसतं आणि तिथून शेपटीकडे हळूहळू निमुळतं होत जातं. खंगलेल्या माशाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसायला लागतं, आणि पाठीवरच्या पंखाच्या दोन्ही बाजूंना, जिथे मांस असायला हवं, तिथे खोलगट पन्हळ पडते. पोट आत जाणं ही पहिली पायरी. ते खायला मिळालं की काही दिवसांत भरून येतं. पाठीचं मांस झडायला लागलं असेल, तर शरीर स्वतःलाच खात आहे असं समजा. तिथून परत आणता येतं, पण वेळ फार थोडा असतो.

रंगावर मात्र जाऊ नका. या माशाचा रंग शेवटपर्यंत टिकतो आणि तोच फसवतो. बहुतेक प्राण्यांमधला निळा रंग खरं तर रंगद्रव्याचा नसतो, पेशींमधल्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो. मँडरिन हा त्याला असलेला दुर्मीळ अपवाद. याच्या त्वचेत खरोखरच निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये या माशात आणि त्याच्या ठिपकेवाल्या भाईबंदात, सिंकायरोपस पिक्चुरॅटसमध्ये, त्या दाखवून दिल्या आणि त्यांना सायानोफोर हे नाव दिलं. त्यामुळे हडकलेला मँडरिनही दुकानाच्या काचेआड दागिन्यासारखा चमकत असतो, आणि घेणारा तेवढंच बघून घेऊन येतो.

हा मासा मुळात राहतो कुठे, हे समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. सिंकायरोपस स्प्लेंडिडस हे त्याचं शास्त्रीय नाव. १९२७ मध्ये आल्बर्ट हेर यांनी फिलिपिन्समधून त्याची नोंद केली. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया, न्यू गिनी करत ऑस्ट्रेलियापर्यंत तो सापडतो. मोठा झाला तरी सात-आठ सेंटिमीटरच्या फारसा पुढे जात नाही. लाटा आदळणाऱ्या बाहेरच्या प्रवाळभिंतीवर तो शोधायला जाल तर सापडणार नाही. त्याला आवडतात किनाऱ्यालगतची शांत खारकच्छं, जिथे मेलेल्या प्रवाळाच्या फांद्यांचा चुरा पडलेला असतो, त्यावर गाळ बसलेला असतो, शेवाळाचा पातळ थर चढलेला असतो. इंडोनेशियात बांदा नैरा इथे तर धक्क्याखालच्या दगडगोट्यांत तो राहतो, आणि तो बघायला पाणबुडे संध्याकाळी तिथे उतरतात. दिसायला ती जागा अगदी भकास असते.

पण त्या चुऱ्याच्या प्रत्येक फटीत खाणं भरलेलं असतं. मुख्यतः हार्पॅक्टिकॉइड जातीचे कोपेपॉड, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून सरपटणारे, बहुधा एक मिलिमीटरहूनही लहान कवचधारी जीव. शिवाय ॲम्फिपॉड, ऑस्ट्राकॉड असे इतर इवले कवचधारी जीव, बारीक कृमी, इवलुशा गोगलगाई, इतर माशांची अंडी. मँडरिन पोटाखालच्या पंखांवर जवळजवळ चालत, शेळीसारखा या सगळ्यातून चरत फिरतो. एका जागी थांबतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवतो, मग खाली वळलेलं छोटं तोंड नळीसारखं पुढे काढून एक जीव टिपतो. पुन्हा दोन बोटं पुढे. एकदा पोटभर खाऊन दिवस काढायचा हा याचा स्वभावच नाही.

याचा हिशेब मांडून बघा. दर दहा सेकंदांना एकच जीव टिपला असं धरलं, तरी प्रकाशाच्या दहा तासांत ३६०० होतात. निम्मे प्रयत्न वाया गेले असं मानलं, तरी १८००. रोज. चार महिन्यांची टाकी, त्यात काही किलो खडक, तोही बहुधा कोरडा आणून भिजवलेला. एवढी पैदास त्यात होणं शक्य नाही. पहिले दोन-तीन आठवडे तो साठलेलं खातो आणि तुम्हाला वाटतं, छान रुळला. मग साठा संपतो. टिपणं चालूच राहतं, कारण शोधणं तो थांबवत नाही. तोंड हलतं आहे म्हणजे पोटात काही जातं आहे, असं नाही. तुमच्याकडे नेमकं हेच झालं आहे.

खात्री करायची असेल तर आज रात्री दिवे मालवल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन टाकीजवळ जा. प्रकाश काचेला समांतर, तिरका टाका. कोपेपॉड भरपूर असतील तर काचेवर पांढरे ठिपके दिसतील, आणि डोळा स्थिरावला की ते झटके देत सरकताना दिसतील. खडकाच्या बुडाशी, वाळू आणि काच मिळतात त्या कडेलाही बघा. काच स्वच्छ असेल, तर टाकीत खाणं नाही. पाण्याच्या दहा चाचण्यांपेक्षा मँडरिनसाठी ही एक चाचणी मला जास्त मोलाची वाटते.

आता मासा वाचवायचा. यासाठी त्याला मोकळ्या टाकीतून काढून टाकीतच टांगलेल्या जाळीच्या किंवा छिद्रं असलेल्या पारदर्शक पेटीत ठेवा. पाणी तेच राहतं, स्पर्धा संपते, आणि अन्न वाहून जात नाही. पकडताना जाळं वापरू नका. या कुळातल्या माशांच्या गालाच्या कडेला मजबूत काटा असतो. तो जाळ्यात अडकला की सोडवताना जखम होते. शिवाय याच्या अंगावर खवले नसतात, कडवट आणि उग्र वासाचा जाड चिकट थर असतो. तो खरवडला जाऊ नये. रुंद तोंडाची बरणी आडवी धरा आणि हाताने हळूच तिच्यात लोटा. हा मासा मंद चालतो, घाई केली नाही तर सहज येतो.

पेटीत पहिले काही दिवस फक्त जिवंत खाणं. कोपेपॉड मिळाले तर सर्वांत चांगले. नाहीतर आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची, नुकतीच उबवलेली पिल्लं. इथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. आर्टेमियाचं पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगात अंड्यातला पिवळा साठा असतो, खरं पोषण तेच. त्याचं तोंडही तेव्हा उघडलेलं नसतं. काही तासांत तो साठा ते स्वतः वापरून टाकतं आणि मागे फार थोडं उरतं. म्हणून उबवल्या उबवल्या द्या. उशीर झाला असेल तर पिल्लांनी कात टाकून तोंड उघडेपर्यंत थांबा, मग मेदाम्लांनी समृद्ध केलेल्या द्रावणात किंवा सूक्ष्मशैवालात काही तास ठेवून द्या. मोठे, नुसते आर्टेमिया देऊन पोट फुगतं, मासा मात्र सुधारत नाही.

दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. दोन वेळा भरपूर देऊन तो परिणाम साधत नाही. पोट किंचित गोलसर व्हायला लागलं की जिवंत खाण्यात अगदी थोडी गोठवलेली माशांची अंडी किंवा गोठवलेले सायक्लॉप्स (हेही बारीक कोपेपॉडच) मिसळा. अंड्यांचा मला फार चांगला अनुभव आहे. आकार योग्य, मेद भरपूर, आणि निसर्गातही तो अंडी खातोच. पिपेटने थेंबभर पाण्यासह त्याच्या समोर सोडा आणि बाजूला व्हा. तो थांबेल, एक डोळा त्या अंड्यावर रोखेल, दुसरा तुमच्यावर. कदाचित जवळ जाऊन परत फिरेल. पहिल्यांदा तोंडात घेऊन थुंकेलसुद्धा. थुंकला म्हणजे नापसंत केलं असं समजू नका. तोंडात घेतलं हेच मोठं पाऊल आहे. पुढच्या दिवसांत गिळायला लागेल. मग हळूहळू जिवंत खाणं कमी, गोठवलेलं जास्त. काही मासे आठवड्याभरात शिकतात, काहींना महिना लागतो, काही कधीच शिकत नाहीत.

गोठवलेलं खायला लागला तरी टाकीत परत सोडल्यावर खरी अडचण येते. तुमचे इतर मासे झडप घालणारे आहेत. हा विचार करून टिपणारा. त्याने विचार करेपर्यंत ताट रिकामं. यावर उपाय म्हणजे ठरलेली जेवणाची जागा. लहान तोंडाची काचेची बाटली वाळूवर आडवी ठेवा, पृष्ठभागापासून तिच्यापर्यंत बारीक नळी सोडा आणि नळीतून खाणं बाटलीत उतरवा. बाटलीचं तोंड एवढंच असावं की मँडरिन आत जाईल आणि मोठे मासे राहतील बाहेर. तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांसाठी प्रवाहाचे पंप बंद. पेटीत असतानाच ही बाटली पेटीत ठेवून सवय लावलीत, तर मोकळ्या टाकीत तो ती ओळखून स्वतः येतो. उरलेलं खाणं नंतर ओढून काढा, नाहीतर नायट्रेट वाढेल.

हे झालं तातडीचं. पण नुसत्या गोठवलेल्या खाण्यावर मँडरिन सांभाळावा असं माझं मत नाही. खडकांवर सतत काहीतरी मिळत राहिलं पाहिजे, बाकीचं वरचं. त्यासाठी टाकीत कोपेपॉडची पैदास व्हावी लागते, आणि ती फक्त विकत मिळणारी जिवंत कोपेपॉडची बाटली आणून ओतल्याने होत नाही. बहुतेक लोक बाटली दिवसाउजेडी, पंप चालू असताना ओततात. निम्मे जीव गाळणीत जातात, उरलेले इतर मासे खातात. दिवे गेल्यावर ओता. स्किमर (फेसाबरोबर मैला काढणारं यंत्र), अतिनील दिवा आणि प्रवाहाचे पंप काही तास बंद ठेवा. बाटलीतलं पाणी आधी टाकीच्या तापमानाला आणा आणि पिपेटने खडकांच्या बुडाशी, फटींमध्ये सोडा. पाणी गाळणारे कापडी मोजे लावत असाल तर त्या काळात काढून ठेवा.

कोपेपॉडची जातही बघून घ्या. टिग्रिओपस लालसर, तुलनेने मोठा आणि पाण्यात झटके मारत पोहणारा असतो. माशाच्या नजरेत पटकन भरतो, म्हणून खायला लावण्यासाठी उत्तम. पण पोहतो म्हणूनच टाकीत फार दिवस वाचत नाही. टिस्बे लहान, फिकट, पृष्ठभागाला धरून राहणारा. खडकांत ठाण मांडतो आणि उबदार पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत त्याची पुढची पिढी प्रौढ होते. वसाहत करायची तर टिस्बे, तोंडाला चव लावायची तर टिग्रिओपस.

त्यांना लपायला जागाही हवी, जिथे मँडरिन पोचणार नाही. संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, रेफ्युजियम (अशा जिवांसाठी राखलेला कप्पा) असेल तर फारच छान: किटोमॉर्फा शैवालाचा गुंता, थोडा खडकांचा चुरा, आणि मुख्य टाकीत रात्र असताना तिथे दिवा. तिथली पैदास परतीच्या पंपातून थोडी थोडी वर येत राहते. पंपातून जाताना सगळे मरतात हा समज बरोबर नाही, बरेच सुखरूप पोचतात. रेफ्युजियम नसेल तर मुख्य टाकीच्या मागच्या कोपऱ्यात लहान खडकांचा ढीग बारीक जाळीने झाकून ठेवा. आत पैदास होते, जी बाहेर पडते ती मँडरिनची.

शिवाय घरी वेगळी पैदास ठेवलीत तर निर्धास्त व्हाल. एका बादलीत समुद्री पाणी, हवेचे मोठे संथ बुडबुडे, आणि पाणी फिकट हिरवं राहील एवढं सूक्ष्मशैवाल: आयसोक्रायसिस, टेट्रासेल्मिस किंवा दोन्हींचं मिश्रण. पाणी पारदर्शक झालं की त्यांनी खाल्लं, पुन्हा थोडं घाला. गडद हिरवं करू नका, रात्री प्राणवायू कमी पडतो. बारीक जाळीतून गाळून आठवड्यातून दोनदा थोडे काढा. दोन बादल्या ठेवा, कारण एखादीतली पैदास कधी ना कधी मरतेच. आणि शैवालाची भांडी, नळ्या कोपेपॉडच्या बादलीला लावू नका. एक थेंब पुरतो, आठवड्यात शैवालाची बाटलीच कोपेपॉडने फस्त होते.

टाकीत इतर कोण आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. सहा पट्ट्यांचा रास (wrasse) हा मासा असेल, तर तो आणि मँडरिन यांत एकाचीच निवड करावी लागेल. तो दिवसभर तेच खातो, पण दुप्पट वेगाने. स्कूटर म्हणून मिळणारे मासे हे मँडरिनचेच नातेवाईक, त्यांचाही आहार तोच. वाळू चाळणारा तारामासा वाळूतले जीव संपवून टाकतो. गालिचासारखा पसरणारा ॲनिमोन मंद चालणाऱ्या मँडरिनला गिळू शकतो, त्याच्यासोबत नकोच.

औषधाबद्दल एवढंच: त्वचेवरच्या त्या जाड थरामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याला तुलनेने कमी होतो. होतच नाही असं मात्र नाही. तांबं त्याला सोसत नाही, आणि ठिपके नसताना ते देण्याचं कारणही नाही. मासा उत्साहाने, डोळ्यांदेखत भरपूर खातो आहे, तरी बारीक होतो आहे आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी पडते आहे, असं दिसलं तरच आतड्यातल्या कृमींचा विचार करायचा. तुमच्याकडे तो टप्पा आलेला नाही, कारण तो मुळात खातच नाही.

पुढच्या वेळी मासा घेताना दोन गोष्टी बघा. पंखांना किंवा अंगाला बारीक भोक, ओरखडा आहे का. फिलिपिन्समध्ये हे मासे पकडायला सुईसारख्या टोकाचे लहान भाले वापरले जात असल्याची नोंद आहे, आणि ते मासे जखम घेऊनच पुढे येतात. दुसरं म्हणजे पकडल्यापासून दुकानापर्यंत हा मासा अनेक हातांतून जातो, आणि त्या सगळ्या टाक्यांमध्ये कोपेपॉड नसतात. तुमच्याकडे येतो तेव्हाच तो बरेच दिवसांचा उपाशी असतो. म्हणून विक्रेत्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खाल्लं नाही तर घेऊ नका, कितीही सुंदर असो. मत्स्यशाळेत जन्मलेले मँडरिन मिळत असतील तर तेच घ्या. फ्लोरिडातल्या ओआरए या संस्थेने २०१० मध्ये ते बाजारात आणले, पुढे इतरांनीही पैदास केली. ती पिल्लं लहानपणापासून गोठवलेलं किंवा बारीक दाणेदार खाद्य खायला शिकलेली असतात. आकाराने इवलीशी असतात आणि दिवसातून अनेकदा द्यावं लागतं, हे धरून चाला. तरीही माझ्या दृष्टीने नवख्याने मँडरिन ठेवायचा तर याच मार्गाने ठेवावा. दुसरं कारण समुद्रातलं आहे. मोठ्या, देखण्या नरांना मागणी जास्त म्हणून तेच आधी पकडले जातात, आणि माद्याही जोडीसाठी मोठेच नर निवडतात. एखाद्या खाडीतले मोठे नर उचलले की तिथल्या पैदाशीवर त्याचा थेट परिणाम होतो.

जोडीबद्दल. निसर्गात हे मासे सूर्यास्ताच्या सुमारास चुऱ्यातून बाहेर येतात. नर पाठीवरचा पहिला पंख उभारून माद्यांभोवती फिरतो. जुळलं की दोघं पोटाला पोट लावून संथपणे वर चढतात, साधारण मीटरभर उंचीवर क्षणभर थांबतात, अंडी आणि शुक्राणू सोडतात आणि झटक्यात खाली परततात. मादी एका संध्याकाळी एकदाच अंडी सोडते, दोनशेपर्यंत. नर मात्र एकीनंतर दुसरीबरोबर वर चढू शकतो. अंडी एक मिलिमीटरहून लहान, पारदर्शक, तरंगणारी. आईबाप त्यांच्याकडे बघत नाहीत. हे सगळं टाकीतही घडतं, पण ज्या टाकीत मासे गुबगुबीत आहेत आणि पाण्याला पुरेशी उंची आहे तिथेच. दिवे एकदम न मालवता हळूहळू मंद केलेत तर मदत होते.

एकटेपणामुळे खाणं सोडणं हा प्रकार मी या माशात पाहिलेला नाही. जोडी आणायचीच असेल, तर आहे तो मासा किमान सहा महिने भरलेल्या अंगाने राहिलेला असावा आणि रात्री काचेवर ठिपके दिसत असावेत. मग लिंग नक्की ओळखून आणा: नराच्या पाठीवरच्या पहिल्या पंखाचा पहिला काटा लांब, टोकदार वाढलेला असतो, मादीचा आखूड आणि गोलसर. दुकानात पंख मिटलेला असतो, उभारेपर्यंत थांबून बघा. दोन नर एका टाकीत ठेवू नका, ते एकमेकांना मरेपर्यंत फाडतात. लहान पिल्लांमध्ये हा फरक दिसत नाही, त्यामुळे दोन पिल्लं घेऊन जोडी होईल या आशेवर राहू नका.

आता तुमच्या माशाचं. आज रात्री काच बघा, उद्या पेटी लावा, जिवंत खाणं सुरू करा. आठ-दहा दिवसांत पोट भरायला लागलं तर वरच्या क्रमाने पुढे जा. जिवंत खाणंही नियमित मिळवता येणार नसेल, किंवा तो पेटीत ते खात असूनही गोठवलेल्याला तोंड लावतच नसेल, तर ज्यांची टाकी मोठी, जुनी आणि कोपेपॉडने भरलेली आहे, ज्यात दुसरा नर नाही, अशा कुणाला तो देऊन टाका. हे पाठीचं मांस झडायच्या आत करा. तुमच्या टाकीला वर्ष झालं, रेफ्युजियम लागलं, काचेवर ठिपके आले की तुम्हाला दुसरा मँडरिन आणता येईल. याला तेवढं थांबणं परवडणारं नाही.